नाशिकचे सहा जण आणि अल्बममधले चौघे

एखादा भयंकर गुन्हा घडला की दोन वाक्यं लगेच फिरायला लागतात. पहिलं, 'असल्या लोकांची केस वकील घेतातच कशी?' आणि दुसरं, 'फास्ट ट्रॅक चालवा, महिन्याभरात फासावर चढवा.' आजच्या भागात ही दोन्ही वाक्यं आपण नाशिकच्याच एका खटल्यासमोर ठेवून बघू.

५ जून २००३ ची रात्र. नाशिकजवळच्या बेलतगव्हाणमध्ये शेतातल्या एका झोपडीत काही अनोळखी माणसं शिरली. त्यांनी पैसे आणि दागिने लुटले, बलात्कार केले आणि पाच जणांचे खून केले. एक बाई आणि तिचा मुलगा गंभीर जखमी झाले, पण वाचले. सगळं शहर हादरलं. पोलिसांवर दबाव होता आणि तो असणं साहजिकच होतं.

मग सहा जणांना अटक झाली. हे सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे. या समाजांचा इतिहास थोडा माहीत असलेला बरा. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कित्येक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण गावात चोरी झाली की पहिला संशय पालावर जातो, ही सवय कायद्याबरोबर संपली नाही.

खटला उभा राहिला. वाचलेल्या दोघांनी आरोपींना ओळखलं, हा मुख्य पुरावा. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे तीन पायऱ्या चढून झाल्या आणि तिन्हीकडे उत्तर एकच: दोषी.

यानंतरची हकिगत वकिलांच्या चिकाटीची आहे. २०१२ मध्ये सहापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचं सिद्ध झालं. अल्पवयीनाला फाशी देताच येत नाही, तरी तो तोवर फाशीचा कैदी म्हणून तुरुंगात होता. त्याच वर्षी १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली. काही खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानं फक्त गुन्हा पाहिला, गुन्हेगाराची परिस्थिती पाहिलीच नाही, त्यामुळे १३ जणांना चुकीच्या तत्त्वावर फाशी झाली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. नाशिकचा खटला त्यांतलाच. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की फाशीच्या प्रकरणात फेरविचार याचिका बंद खोलीत निकालात काढायची नाही, खुल्या कोर्टात वकिलाचं म्हणणं ऐकायचं. पुढे या खटल्याच्या याचिकाही पुन्हा उघडल्या गेल्या. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयानं स्वतःचाच २००९ चा निकाल मागे घेतला आणि सगळा पुरावा नव्यानं ऐकायला घेतला.

आणि मग समोर आला एक जबाब. ७ जून २००३ चा, म्हणजे घटनेनंतर अवघ्या दोन दिवसांचा. वाचलेल्या बाईंना पोलिसांनी गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. त्यातून त्यांनी चार जणांना ओळखलं होतं. हे चार जण वेगळेच होते. आपल्या सहा जणांपैकी त्यांत कोणीच नव्हतं. त्या चौघांवर खटला भरला गेला नाही. आठवण सगळ्यात ताजी असताना केलेली ही ओळख होती, आणि तिचा पाठपुरावाच झाला नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी चूक तीन-तीन तपासण्यांतून निसटते, कारण प्रत्येक जण आधीच्यानं पाहिलंच असेल असं धरून चालतो. कोर्टातही माणसंच बसतात. बचावाच्या वकिलाचं काम बरंचसं इथंच असतं. आरोपी चांगला माणूस आहे हे त्याला पटवून द्यायचं नसतं. फाइलमधला प्रत्येक कागद उघडायचा, तारखा जुळवायच्या, साक्षीदार आधी काय म्हणाला आणि नंतर काय, हे उलटतपासणीत समोर ठेवायचं. हे कुणीतरी हट्टानं केलं नाही तर असा जबाब फाइलमध्येच पडून राहतो.

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. तपास निष्पक्ष नव्हता, खटलाही निष्पक्ष झाला नाही, असं न्यायालयानं म्हटलं. प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई आणि दोषी पोलीस अधिकाऱ्यांना हुडकून कारवाई करण्याचा आदेश दिला. तोवर १६ वर्षं गेली होती, त्यातली बहुतेक फाशीच्या भीतीत.

आता दुसऱ्या वाक्याकडे येऊ, महिन्याभरात फाशीच्या. नाशिकनं तसा वेगही पाहिलेला आहे. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. खटला मुंबईत तीन न्यायाधीशांच्या विशेष पीठापुढे चालला. ज्युरी नाही, अपील नाही. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. गुन्ह्यापासून चार महिन्यांच्या आत. हा वेग परक्या सरकारला हवा होता, कारण त्याला दहशत बसवायची होती. अपिलाची पायरी काढून टाकली की किती झटपट काम होतं, ते यात दिसतं. २००३ च्या खटल्याला तोच वेग लावून बघा. सहा निरपराध माणसं गेली असती, तो जबाब पुढे कुणी वाचलाही नसता.

याचा अर्थ १६ वर्षं लागणं बरोबर आहे असा नाही. पहिल्याच कोर्टात, पहिल्याच वर्षी, नीट तयारी केलेला बचावाचा वकील असणं हाच खरा वेग. आणि बेलतगव्हाणच्या त्या कुटुंबाचं काय? चुकीच्या माणसांना पकडलं, म्हणजे बरोबर माणसांमागे कुणी गेलंच नाही. आरोपीचा वकील कमजोर असला की त्याची किंमत पीडितांनाही मोजावी लागते.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क आहे. १९७६ मध्ये आलेलं कलम ३९-अ मोफत कायदेशीर मदतीबद्दल सांगतं. 'अमक्याची केस कोणी घेऊ नये' असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच स्पष्ट केलंय. कोठडीतल्या कोणालाही, सगळ्या महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळू शकतो. त्यासाठी हेल्पलाइन आहे १५१००. नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि पुढच्या वेळी ग्रुपवर 'वकील कशाला हवा' असं कोणी लिहिलं, तर त्याला या अल्बममधल्या चौघांबद्दल सांगा.

भेटू पुढच्या भागात.