मंगफ, पहाटे दोनच्या सुमारास

जुलैतला गुरुवार, दुपारी ३
कुवेतच्या मंगफमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत झालंय. याच देशात २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबाहला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. उन्हाळ्यात इथं गिझर बंद ठेवून त्यातलंच पाणी गार म्हणून वापरतात. फ्लश टँकला मात्र थेट टाकीचं पाणी येतं. तिथल्या कनेक्शन पाइपची चक्की, म्हणजे नट, प्लास्टिकची. आत, आट्याच्या मुळाशी तडा. बाहेरून काहीच दिसत नाही.

संध्याकाळी ६
माझा मित्र रात्रपाळीला निघतो. बायको-मुलं सुट्टीला नाशिकला. तो गॅस बंद करतो. फ्लश टँकचं पाणी तोडणारा अँगल कॉक बंद करायचं रोज कामावर जाणाऱ्याला सुचत नाही.

रात्री ११:३०
इमारतीतले नळ थांबतात. दिवसा वाहत्या पाण्यात खर्ची पडणारा दाब आता पूर्ण चक्कीवर.

पहाटे २ च्या सुमारास
चक्की तुटते. अर्ध्या इंची नळीतून मिनिटाला दहा लिटर धरले तरी तासाला सहाशे. पाणी न्हाणीघराचा उंबरा ओलांडून गालिच्यात, पलंगाच्या प्लायवूडमध्ये, मुलांच्या पुस्तकांत.

३:३०
फजरच्या नमाजाला उठलेल्या खालच्या इजिप्शियन शेजाऱ्याला छत गळताना दिसतं. हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार, गच्चीवर धावतो. एकसारख्या पाइपांची रांग, एकावरही फ्लॅटचा नंबर नाही. पाणी बंद व्हायला सव्वाचार.

सकाळी ९
रिफायनरीत पाइप तपासणं हे माझं काम, म्हणून मित्रानं तुकडे माझ्या हातात दिले. ‘दाब वाढला असेल,’ असं सगळे म्हणत होते. पण तुटलेला पृष्ठभाग वेगळंच सांगत होता. बराचसा भाग पिवळट, क्षारांनी डागाळलेला. म्हणजे तिथं तडा जुना. फक्त कडेची चिंचोळी पट्टी पांढरी, ताजी. चक्कीवर बाहेरून पान्याचे ओरखडे. वॉशर रबरी असल्यानं हातानं आवळूनही पाणी थांबतं. पान्यानं पिळलं की प्लास्टिकवर कायमचा ताण बसतो; तडा हळूहळू वाढत जातो, आणि गरम पाणी त्याला घाई करतं. रात्रीच्या दाबानं फक्त शेवटचा धागा तोडला. चक्की बिघडली ती बसवली त्याच दिवशी.

आज घरी फ्लश टँकखाली हात घालून बघा. चक्की प्लास्टिकची असेल, तर पितळी चक्कीचा पाइप बसवून घ्या. प्लंबर प्लास्टिकला पाना लावू लागला, तर त्याला तिथंच थांबवा. आणि गच्चीवरच्या आपल्या व्हॉल्व्हवर फ्लॅटचा नंबर रंगवून ठेवा.