काळ्या कापडाचे कवच : मॉन्झा, १९८१

१/ १३ सप्टेंबर १९८१. इटलीतील मॉन्झाच्या शर्यतीत लेस्मोच्या वळणातून बाहेर पडताना जॉन वॉटसन यांची मॅक्लारेन गाडी ताबा सुटून कठड्यावर आदळली. इंजिन आणि गिअरबॉक्स तुटून वेगळे झाले. वॉटसन मात्र स्वतःच्या पायांनी बाहेर आले. त्यांच्याभोवतीचे कवच धातूच्या पत्र्याचे नव्हते. ते तंतू आणि राळ यांचे होते.

२/ तोवर फॉर्म्युला वन गाड्यांचा सांगाडा प्रामुख्याने अॅल्युमिनिअमचा असे. रचनाकार जॉन बार्नार्ड यांच्यापुढे पेच होता. गाडीच्या पोटाखालून हवा नेणारे बोगदे रुंद हवेत, तर चालकाचा कक्ष अरुंद करणे भाग. आणि धातूचा सांगाडा अरुंद केला की तो पिळवटू लागतो.

३/ बार्नार्ड यांची नजर कार्बन फायबरकडे वळली. हलका, ताठ, पण नाव बदनाम झालेला पदार्थ. रोल्स-रॉईसने आरबी२११ या विमान-इंजिनाच्या पंख्याची पाती त्यापासून घडवून पाहिली होती; पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत. त्या इंजिनाच्या वाढत्या खर्चाने फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली.

४/ ब्रिटनमध्ये हे काम अंगावर घेणारे कोणी मिळेना. अखेर अमेरिकेतील युटा राज्यातल्या हर्क्युलिस या कंपनीने होकार दिला. रॉकेटांच्या कामामुळे तिला या पदार्थाची सवय होती.

५/ पद्धत अशी. राळेत आधीच भिजवलेले तंतूंचे पट्टे अॅल्युमिनिअमच्या साच्यावर थरांनी चढवायचे. तंतू आपल्या लांबीच्या दिशेनेच ताण पेलतो. म्हणून थरांच्या दिशा बदलत न्यायच्या. दोन आवरणांमध्ये मधाच्या पोळ्यासारखी अॅल्युमिनिअमची जाळी बसवायची.

६/ मग सारे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भट्टीत, ठेवायचे. उष्णतेने राळ आधी पातळ होते, तंतूंत मुरते आणि मग कायमची घट्ट होते. दाबामुळे थरांत हवेचे बुडबुडे उरत नाहीत. शेवटी साचा सुटा करून त्याचे तुकडे चालकाच्या बैठकीच्या तोंडातून बाहेर काढायचे.

७/ तरीही शंका उरलीच. धातू वाकून धक्का सोसतो. हा पदार्थ वाकत नाही, तडकतो. मग अपघातात त्याचा चुरा होऊन चालकाचे काय होणार? जुलै १९८१ मध्ये वॉटसन यांनी याच गाडीत ब्रिटिश ग्रां प्री जिंकली. त्याने वेग सिद्ध झाला, सुरक्षितता नव्हे.

८/ ते उत्तर दोन महिन्यांनी मॉन्झाने दिले. मागचा भाग तुटून गेला, चालकाचा कक्ष शाबूत राहिला. पुढील काही वर्षांत एकेक संघ याच वाटेने गेला.

९/ पात्यांत हरलेला पदार्थ सांगाड्यात जिंकला, याचे कारण उघड आहे. पत्रा कारखान्यातून आपले गुण घेऊनच येतो. तंतू आणि राळ यांचे बळ मात्र साच्यावर, एकेका थराच्या मांडणीत ठरते. तेथे झालेली चूक वरून दिसत नाही. म्हणूनच वॉटसन यांचा जीव जितका त्या तंतूंनी राखला, तितकाच तो थर लावणाऱ्या हातांनीही राखला.