सात विरुद्ध सात

८ जुलै १९९६ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अण्वस्त्रांच्या कायदेशीरपणावर सल्लागार मत दिले. अण्वस्त्रांचा वापर वा धमकी युद्धविषयक मानवतावादी नियमांच्या सर्वसाधारणपणे विरुद्ध ठरते, असे न्यायालय म्हणाले. मात्र राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागले तर काय, याचा निश्चित निर्णय देता येत नाही, अशी पुस्ती जोडली. या कलमावर मते पडली सात विरुद्ध सात. अध्यक्ष, अल्जीरियाचे मोहम्मद बेजाउई यांच्या निर्णायक मताने ते संमत झाले.

श्रीलंकेचे न्यायमूर्ती वीरमंत्री यांनी विरोधी मत लिहिले: वापर कोणत्याही परिस्थितीत बेकायदाच. त्यासाठी त्यांनी रामायण-महाभारताबरोबर इस्लामी युद्धनीतीचाही दाखला दिला. बायका, मुले, वृद्ध यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, ही हजरत अबू बकर (रजि.) यांची फौजेला दिलेली ताकीद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

भारतानेही न्यायालयापुढे अण्वस्त्रवापर बेकायदा असल्याचेच मांडले होते. मे १९९८ मध्ये मात्र पोखरण आणि चगाई, दोन्हीकडे स्फोट झाले. बॉम्बलाही धर्म चिकटवला गेला. एक हिंदू, दुसरा इस्लामी. मग आमच्याकडे संशयाने पाहिले गेले: तुमचा कोणता?

आमचा कोणताच नाही. जे अस्त्र सैनिक आणि पाळण्यातले मूल यांत फरक करू शकत नाही, त्याला 'इस्लामी' म्हणणे ही त्या ताकिदीची विटंबना आहे. २०१७ च्या अण्वस्त्रबंदी करारावर दोन्ही देशांची सही नाही. ती मागणे हे आमचे देशप्रेमही आहे आणि दीनही.