पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील व्यवस्थापन

पिंपरी-चिंचवड व चाकण हा पुणे जिल्ह्यातील औद्योगिक पट्टा वाहने व त्यांच्या सुट्या भागांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (१९५४) ही सरकारी कंपनी आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (१९६२) यांमुळे येथील औद्योगिकीकरणास चालना मिळाली. फ्रेडरिक टेलर यांचे शास्त्रीय व्यवस्थापन (१९११) व हेन्री फेयॉल यांची चौदा तत्त्वे (१९१६) वाणिज्य शाखेचे विद्यार्थी पाठ्यपुस्तकात वाचतात. ती प्रत्यक्षात कोठे उपयोगी पडली व कोठे अपुरी ठरली, हे या पट्ट्याच्या इतिहासात पाहावयास मिळते.

टेल्कोचा कारखाना

टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) पुणे कारखान्याची उभारणी १९६६ पासून सुमंत मूळगावकर यांच्या नेतृत्वाखाली झाली; मात्र येथून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. मधल्या काळात भर होता तो हत्यारे व साचे जागीच घडविण्यावर आणि शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणावर. फेयॉल यांनी व्यवस्थापनाच्या कार्यांत नियोजनाला पहिले स्थान दिले आहे. इतका धीर धरणारे नियोजन मात्र विरळाच. कारखान्याच्या आवारात वृक्षलागवड करून तलावही तयार करण्यात आला.

याच कारखान्यात १९८८-८९ मध्ये तीव्र कामगारसंघर्ष झाला. व्यवस्थापनाने प्रतिस्पर्धी संघटनेशी वेतनकरार केल्यावर राजन नायर यांच्या नेतृत्वाखालील कामगारांनी सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यापुढे उपोषण आरंभिले. पोलिसांनी उपोषणकर्त्यांना ताब्यात घेतल्यावर ते संपुष्टात आले. व्यक्तिहित संस्थाहितापेक्षा गौण मानावे, असे फेयॉल सांगतात. संस्थेच्या हितात कामगारांच्या वतीने कोणी बोलावे, या प्रश्नाचे उत्तर त्या तत्त्वात नाही.

चाकण

चाकण येथे बजाज ऑटो (१९९९), फोक्सवॅगन (२००९) व महिंद्र (२०१०) यांचे कारखाने सुरू झाले. बजाजच्या आकुर्डी कारखान्यातील उत्पादन २००७ मध्ये थांबले.

येथे जपानी पद्धतींचा प्रभाव अधिक आहे. टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी विकसित केलेल्या ‘जस्ट इन टाइम’ पद्धतीत सुटे भाग गोदामात साठवीत नाहीत. जुळणीच्या क्रमाने, लागतील तेव्हाच मागवितात. भांडवल अडकून पडत नाही आणि सदोष भाग लगेच उघडकीस येतो. यासाठी पुरवठादार जवळ असावे लागतात. भोसरीसारख्या वसाहतींतील लघुउद्योगांचे महत्त्व त्यातच आहे. गोदामातला साठा अशा रीतीने रस्त्यावर येतो, आणि चाकणच्या चौकात वाहने खोळंबली की जुळणीही खोळंबण्याचा धोका असतो.

‘कायझेन’ म्हणजे कामात सतत केलेल्या लहानलहान सुधारणा. त्या बहुधा यंत्रावर प्रत्यक्ष काम करणाराच सुचवितो, कारण यंत्राचा आवाज बदलला की तो त्यालाच आधी कळतो. असा अनुभव साठण्यास वर्षे लागतात. फेयॉल यांनीही कर्मचाऱ्यांच्या सेवास्थैर्याचा समावेश चौदा तत्त्वांत केला होता. टोयोटाची पद्धत दीर्घकालीन नोकरीच्या आधारावर वाढली. चाकणमध्ये मात्र कायम कामगारांच्या शेजारी कंत्राटी कामगार व मुदतबंद प्रशिक्षणार्थी मोठ्या प्रमाणावर काम करतात. मुदत संपताच त्यांचा अनुभवही त्यांच्याबरोबर जातो.