वाघ डोंगरातून उसात कसा आला



स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्यावे, असा अध्यक्षबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणची-पापडांविषयी लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळजणी आहेत. म्हणून तिन्हीसांजा झाल्या की ज्याचे नाव पिंपळगावच्या घराघरांत निघते, त्याचा थोडा इतिहास मी सांगणार आहे. तो म्हणजे वाघ.

आपण दोघांनाही वाघच म्हणतो. परंतु अंगावर पट्टे तो ढाण्या वाघ आणि ठिपके तो बिबट्या. आपल्या पणजीच्या पणजीला भीती होती ती ढाण्या वाघाची. पेशवाई १८१८ साली बुडाली. दुसऱ्याच वर्षी, २८ एप्रिल १८१९ रोजी, जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला म्हणून अजिंठ्याच्या डोंगरात गेला. तिथे त्याला झाडीत लपलेली लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्याने कोरलेले आपले नाव आजही आहे. म्हणजे जगाला अजिंठा दिसला तो एका अर्थी वाघामुळेच!

पुढे १८२५ साली जेम्स औट्रम हा भिल्लांची पलटण उभारण्यासाठी खानदेशात आला. दहा वर्षांत त्याने व त्याच्या सोबत्यांनी दोनशेच्या आसपास वाघ मारले. हा खानदेश काही परका मुलूख नव्हे. नाशिक जिल्हा झाला तो १८६९ साली. त्याआधी मालेगाव, बागलाण हा भाग खानदेशातच मोडत होता. बंदुकांनी वाघ संपले आणि नांगराने व कुऱ्हाडीने रान संपले. आपल्या शिवारातला ढाण्या वाघ आता फक्त गोष्टीत उरला आहे.

आपल्या आदिवासी बांधवांची रीत मात्र निराळी होती. सुरगाणा, पेठ या बाजूला वाघदेवाचे दगड किंवा लाकडी खांब आहेत. त्यांवर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले असतात. आपण ज्या दिवशी वसुबारस करतो, त्याच अश्विन वद्य द्वादशीला तिकडे वाघबारस असते. आपण गाय-वासराची पूजा करतो आणि ते गाईला मारणाऱ्याची पूजा करून गुरे राखण्याचे मागणे मागतात. एकाच तिथीला दोन्ही पूजा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आता बिबट्याकडे येऊ. तो पूर्वी डोंगरात राही. मग धरणे झाली, पाट आले. १९५० साली प्रवरेच्या काठी पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पाठोपाठ गोदाकाठी, कादवाकाठीही ऊस वाढला. ऊस वर्षभर उभा, आत गारवा, पाणी जवळ, वस्तीवर कुत्री, शेळ्या आणि डुकरे. बिबट्याला आयतेच रान मिळाले. मादी उसातच विते. उसात जन्मलेल्या पिल्लाला डोंगर ठाऊकच नसतो. त्याचे माहेर ऊसच.

मग त्याला धरून दूर सोडावे, असे पुष्कळांना वाटते. जुन्नर तालुक्यात नेमके हेच केले गेले. पिंजरे लावून बिबटे पकडले आणि जंगलात नेऊन सोडले. पुढे विद्या अत्रेय यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला. आधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत. २००१ ते २००३ या काळात ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर बिथरते आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येऊन राहते.

२००९ साली तर नवल घडले. नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या काढून, गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो महिन्याच्या आत शंभराहून अधिक किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचला! वाटेत त्याने आपलाच मुंबई-आग्रा रस्ता ओलांडला. त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले होते. त्यावर २०१४ साली चित्रपटही निघाला. एवढ्या वाटचालीत त्याने कुणा माणसाला इजा केली नाही.

अकोले तालुक्यातील पाहणीत १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे आढळले, आणि तेही शेतवस्तीत. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के होता. म्हणजे उकिरडा वाढला की कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे तो येतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या उसात तोड चालू असताना दोन पिल्ले निघाली, मांजराएवढी. तोडीवाल्या बाया लेकरांना घेऊन कोपीकडे पळाल्या. वनखात्याच्या माणसांनी पिल्ले टोपलीत घालून रात्री त्याच जागी ठेवली. आम्ही दारे लावून बसलो होतो. पहाटेपर्यंत आईने दोन्ही पिल्ले उचलून नेली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही ती कोपीतल्या बायांसाठी. आम्हांला दार तरी होते. त्यांच्या कोपीला दारच नव्हते. लहान मूल उराशी धरून त्या उसाच्या कडेला निजल्या होत्या.

म्हणून मला सांगावेसे वाटते ते असे. १९७२ च्या कायद्याने बिबट्याला संरक्षण आहे, ते योग्यच आहे. परंतु ज्या माउलीचे लेकरू गेले, तिला आकडे सांगू नयेत. तिचे दुःख आकड्यात मावत नाही. करायचे ते आधी करावे. वाकून किंवा बसून काम करणारी बाई आणि अंगणात खेळणारे मूल त्याला लहान सावज वाटते. तेव्हा निंदणी-खुरपणीला एकटीने जाऊ नये, आपसात मोठ्याने बोलत राहावे. अंधारात परसाकडे बाहेर जाण्याची वेळ कुणा बाईवर येऊ नये. शेळ्यांचा गोठा वरूनही झाकावा. तो दिसलाच तर पळू नये, वाकू नये, त्याला वाट द्यावी आणि गर्दी जमवू नये. गर्दीत सापडलेला बिबट्याच अधिक जखमी करतो.

या वर्षी तोडीच्या हंगामात आपल्या मंडळाने कोप्यांसाठी कंदील, पत्रे व बंद संडासाची सोय वर्गणीतून करावी, अशी माझी सूचना आहे. ऊस आपला आहे, तर तो तोडणारीचे लेकरूही आपलेच समजले पाहिजे.