ए.एस./४००

उद्योग-व्यवसायासाठीची, डेटाबेस अंगभूत असलेली मध्यम क्षमतेची संगणक प्रणाली. आयबीएमने रॉचेस्टर (मिनेसोटा) येथे विकसित करून जून १९८८ मध्ये ती जाहीर केली. सिस्टिम/३८ (पहा) ही तिची पूर्वज. नावे पुढे वारंवार बदलली. २००८ पासून तिची प्रचालन प्रणाली ‘आयबीएम आय’ म्हणून ओळखली जाते. एसक्यूएलमधील (पहा) टेबल म्हणजे येथे फिजिकल फाइल, रो म्हणजे रेकॉर्ड, कॉलम म्हणजे फील्ड. लॉजिकल फाइलमध्ये मूळ माहिती नसते, केवळ तिचा क्रम व निवड असते. समजा, रोडपालीलगतच्या कळंबोली लोखंड बाजारातील गोदामाचा साठा असा नोंदवला, तर सळ्यांची फिजिकल फाइल एकच राहते. जाडीवार व ग्राहकवार याद्या दोन लॉजिकल फाइलींतून मिळतात. एसक्यूएलच्या ‘अपडेट’ आज्ञेला ‘व्हेअर’ची अट नसेल, तर सर्वच रेकॉर्ड बदलतात. १९९५ मध्ये प्रोसेसर ४८ बिटांवरून ६४ बिटांवर गेला, तरी आरपीजी व कोबोल (पहा) या भाषांतील जुने प्रोग्राम बहुधा पुन्हा न लिहिता चालले.