ताप आला तरी कामावर: एका वृद्धाश्रमातल्या साथीची गोष्ट

आजचा भाग एका पार्टीपासून सुरू करतो.

तारीख २६ फेब्रुवारी २०२०. अमेरिकेत सिएटल शहराला लागून कर्कलंड नावाचं गाव आहे. तिथल्या 'लाइफ केअर सेंटर'मध्ये मार्डी ग्रा या सणाचा कार्यक्रम होता. बँड वाजत होता. आजी-आजोबा, त्यांना भेटायला आलेली घरची मंडळी, कर्मचारी, सगळे एकत्र. त्या दिवसांत तिथे ताप-खोकल्याचे पेशंट वाढले होते, पण हिवाळा म्हटला की हे चालायचंच. फ्लू असेल, असं वाटलं.

दोनच दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, तिथल्या एका रहिवाशाचा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

१८ मार्चपर्यंत या एका इमारतीशी जोडलेल्या रुग्णांची संख्या १६७ झाली. त्यात १०१ रहिवासी होते, ५० कर्मचारी आणि १६ जण नुसते भेटायला आलेले. त्या १०१ रहिवाशांपैकी ३४ जण गेले. म्हणजे तिघांमागे एक.

इथे एक शब्द आधी स्पष्ट करतो. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की डॉक्टरांचं छोटं खासगी हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं, बऱ्याचदा बाळंतपणाचं. अमेरिकेतलं नर्सिंग होम वेगळं. वृद्धाश्रम आणि चोवीस तासांची नर्सिंग सेवा एकत्र केली की जे होईल, ते. तिथे राहणाऱ्यांपैकी अनेकांना स्वतःचं स्वतः जेवता येत नाही, कूस बदलता येत नाही, बाथरूमला जाता येत नाही.

आता विषाणूच्या बाजूने विचार करा. एकच कर्मचारी सकाळपासून आठ-दहा जणांना भरवते, अंघोळ घालते, कपडे बदलते. प्रत्येकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तिचं तोंड असतं. खोल्या दोघा-तिघांत मिळून. त्यात म्हातारपणी शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते, इन्फेक्शन झालं तरी ताप चढेलच असं नाही. नुसतं जेवण कमी होतं, बोलणं भरकटतं. घरचे म्हणतात, 'वयोमानाप्रमाणे होतंय.' तोवर साथ तीन खोल्या पुढे गेलेली असते.

सीडीसी, म्हणजे अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, कर्कलंडला पोचली आणि तिने कारणांची यादी केली. मास्क-गाऊन अपुरे, सॅनिटायझर अपुरं, टेस्ट मिळत नाहीत, काळजी कशी घ्यायची याची सवय नाही. हे सगळं अपेक्षितच होतं. पण त्याच यादीत आणखी दोन गोष्टी होत्या, आणि आजचा भाग मी त्यांच्यासाठीच करतोय. एक, काही कर्मचारी लक्षणं असतानाही कामावर येत होते. दोन, काही कर्मचारी एकाहून जास्त ठिकाणी काम करत होते. १८ मार्चपर्यंत त्या एकाच काउंटीत वृद्धांची काळजी घेणाऱ्या किमान ३० संस्थांमध्ये कोरोना सापडला होता.

ऐकताना पटकन राग येतो ना? 'ताप आहे तर घरी थांबायला काय झालं?'

थांबा जरा. आधी एक लक्षात घ्या की ताप असणारेच साथ पसरवत होते असंही नव्हतं. मार्चमध्ये त्याच भागातल्या दुसऱ्या एका नर्सिंग होममध्ये लक्षणं असोत-नसोत, सगळ्या रहिवाशांची तपासणी करायचं ठरलं. ७६ जणांनी भाग घेतला, ४८ पॉझिटिव्ह आले. त्यातल्या २७ जणांना तपासणीच्या वेळी काहीच त्रास नव्हता. मग पुढच्या काही दिवसांत त्यांच्यातल्या २४ जणांना लक्षणं दिसली. म्हणजे दारात थर्मामीटर धरून उभं राहणं पुरेसं नव्हतं. सगळ्यांची सरसकट तपासणी, तीही पुन्हा पुन्हा, हाच उपाय होता.

१३ मार्चला अमेरिकन सरकारने देशभरातल्या नर्सिंग होम्सना सांगितलं की भेटायला येणाऱ्यांना बंदी घाला. खिडकीच्या काचेला हात लावून आईशी फोनवर बोलणाऱ्या मुलामुलींचे फोटो आठवतात? ते तेव्हाचे. दारं बंद झाली, तरी साथ आत येत राहिली. कशी?

याचं उत्तर शोधायला काही अर्थतज्ज्ञांनी स्मार्टफोन वापरले. आपल्या खिशात असतात तसेच. नाव-गाव नसलेला, ५ कोटी फोनचा लोकेशन डेटा त्यांनी तपासला. बंदीनंतरच्या ११ आठवड्यांत जे फोन एखाद्या नर्सिंग होममध्ये किमान तासभर होते, त्यातले सुमारे ५ टक्के फोन दुसऱ्या नर्सिंग होममध्येही गेलेले होते. भेटायला येणारे तर बंद होते, मग हे फोन कोणाचे? बहुतेक कर्मचाऱ्यांचे. सरासरी एक नर्सिंग होम अशा रीतीने आणखी सात ठिकाणांशी जोडलेलं निघालं. जिथे जोडण्या जास्त, तिथे रुग्ण जास्त. सरकारी दर्जाचे स्टार बघून कुठे साथ येईल हे सांगता येत नव्हतं.

या बाया-माणसं दोन-दोन ठिकाणी का जात होती? कारण एका ठिकाणच्या पगारात घर चालत नव्हतं. अमेरिकेत खासगी नोकरीत आजारपणाची पगारी रजा द्यायलाच हवी, असा देशव्यापी कायमचा कायदा नाही. काही राज्यांत आहे, काहींत नाही. मार्च २०२० मध्ये संसदेने तातडीने तात्पुरता कायदा केला. पण त्यात आरोग्यसेवेतल्या मालकांना आपल्या कर्मचाऱ्यांना वगळायची मुभा ठेवली! ज्यांनी आजारी असताना घरी थांबणं सगळ्यात गरजेचं होतं, नेमकी तीच माणसं बाहेर राहू शकत होती.

म्हाताऱ्यांना वाचवायचं तर त्यांना सांभाळणाऱ्यांकडे बघा, हा विचार कोरोनाच्या आधीचा आहे. १९९६-९७ च्या हिवाळ्यात स्कॉटलंडमध्ये वृद्धांच्या २० रुग्णालयांत एक प्रयोग झाला. निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना फ्लूची लस देऊ केली, निम्म्या ठिकाणी नाही. लसवाल्या ठिकाणी १३.६ टक्के रुग्ण दगावले, दुसरीकडे २२.४ टक्के. प्रामाणिकपणे सांगायचं तर या आकड्यांवर नंतर बराच वाद झाला, कारण नमुने तपासल्यावर फ्लूच्या प्रमाणात तसा फरक दिसला नाही. पण प्रश्न योग्य जागी विचारला गेला होता.

२०२० मध्ये त्याचं उत्तर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने आपल्या परीने दिलं. पहिल्या लाटेत कॅनडातल्या कोरोना-मृत्यूंपैकी सुमारे ८० टक्के मृत्यू अशा वृद्धगृहांतल्या रहिवाशांचे होते. देशातला पहिला मृत्यूही याच प्रांतातल्या एका वृद्धगृहात झाला. मार्चअखेरीस प्रांताच्या आरोग्य अधिकारी डॉ. बॉनी हेन्री यांनी आदेश काढला: एका कर्मचाऱ्याने एकाच ठिकाणी काम करायचं. नुसता आदेश काढला असता तर लोकांची अर्धी कमाई गेली असती. म्हणून सरकारने सगळीकडचे पगार वरच्या पातळीला आणले आणि फरकाचा भार स्वतः उचलला. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी पाच हजारांहून जास्त केअर होम्सची पाहणी झाली. जिथे आजारपणात पगार मिळत होता तिथे रहिवाशांमध्ये संसर्ग कमी होता, आणि जिथे एजन्सीची बदली माणसं जास्त, तिथे तो जास्त होता.

हे सगळं वाचत असताना मला सारखी आमच्या घरची आठवण येत होती.

आजीसाठी आमच्याकडे दिवसाच्या मावशी येतात, ब्यूरोतर्फे. इथलं काम संपलं की संध्याकाळी त्या दुसऱ्या एका आजोबांकडे जातात. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे कापायचे, हा नियम. आम्ही त्यावर कधी विचारसुद्धा केला नव्हता. गेल्या पावसाळ्यात एकदा त्या तोंडाला ओढणी बांधून आल्या. आईने विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही ताई, जरा घसा बसलाय." दुपारी आजीला भरवताना खोकत होत्या. चार दिवसांनी आजी तापाने आडवी झाली, बरी व्हायला तीन आठवडे लागले. तेव्हा घरात सगळ्यात आधी मीच म्हणालो होतो, "यांना एवढंही कळत नाही का?"

मावशींना कळत होतं. एका खाड्याचे पैसे गेले तर महिन्याचं गणित कुठे बिघडतं, तेही त्यांना कळत होतं. कळत नव्हतं ते मला.

आता आम्ही त्यांना सांगितलंय: ताप-खोकला असला तर नुसता फोन करा, येऊ नका, पैसे कापले जाणार नाहीत. पहिल्यांदा त्यांना ते खरं वाटलं नाही. महिना संपल्यावर पूर्ण पैसे हातात पडले तेव्हा पटलं. त्या संध्याकाळी ज्या आजोबांकडे जातात, त्यांच्या मुलाशीही आईने फोनवर बोलून घेतलंय. तो अजून 'बघू' म्हणतोय.

तुमच्या घरी, तुमच्या बिल्डिंगमध्ये अशा मावशी किंवा काका येत असतील, तर खाड्याचा नियम काय आहे ते आज विचारून बघा. आमच्याकडे मावशी येणार नसतील त्या दिवशी आजीला भरवायची पाळी माझी असते. तिला माझ्या हातचा वरणभात फारसा आवडत नाही, पण खाते बिचारी.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.